स्वस्त शॉर्टवेव्ह रेडिओ पारखताना: दोष सेटचा, घराचा की वेळेचा?

पहिला शॉर्टवेव्ह रेडिओ, म्हणजे दूरदेशीची केंद्रं पकडणारा सेट, मी पाचव्या दिवशी परत केला. कुठलंही स्टेशन लावा, मागे गिरणी चालू असल्यासारखी घरघर. दुकानदाराने फार वाद न घालता पैसे दिले आणि मीही "चायनाचा माल, दुसरं काय" म्हणत कोथरूडला परतलो. पुढच्याच गुरुवारी वीज गेली. पुण्यात गुरुवारी वीज जाणं ही काही बातमी नाही. पण त्या दिवशी वडिलांचा जुना दोन बँडचा सेट सेलवर चालू होता. त्याच्या शॉर्टवेव्हवरची घरघर "सेट म्हातारा झाला" म्हणून आम्ही दोन वर्षं ऐकून घेत होतो, ती वीज गेल्या क्षणी थांबली. मागे उरलेल्या शांततेत कुणीतरी अरबीत बोलत होतं, अगदी स्वच्छ. दुपारी वीज आली, घरघरही आली. शोध घेतल्यावर हॉलमधली एलईडी ट्यूब आणि राउटरचा अडॅप्टर असे दोन गुन्हेगार सापडले. म्हणजे चांगला रेडिओ मी परत करून बसलो होतो.

तेव्हापासून मित्रांसाठी आणि स्वतःसाठी दीड ते पाच हजारांच्या टप्प्यातले बरेच सेट पारखले. पद्धत एकच: काही बिघडलं की आधी विचारायचं, दोष सेटचा, घराचा की वेळेचा? त्यामुळे या लेखाचा क्रमही थोडा उलटा आहे. दुकानाआधी घर.

आधी एक खरं सांगतो

लहानपणीच्या आठवणीपायी शॉर्टवेव्ह घ्यायला निघाला असाल तर थोडं थांबा. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं. ज्या रेडिओ सिलोनसाठी लोक बुधवारी रात्री सेटला चिकटून बसायचे, तो काळही गेला. पण बँड ओसाड झालेला नाही. बीबीसीची इंग्रजी सेवा आहे, चीनचं आंतरराष्ट्रीय केंद्र हिंदीसह ढीगभर भाषांत धो धो वाजतं, अरबी केंद्रं आहेत, व्हिएतनाम आहे. त्याखेरीज हौशी रेडिओवाले म्हणजे हॅम मंडळी, आणि विमानांसाठी हवामान वाचून दाखवणारं मुंबईचं प्रसारण. ज्याला अनोळखी भाषेतलं स्टेशन ओळखण्यात गंमत वाटते त्याने हा रेडिओ घ्यावा. फक्त गाणी हवी असतील तर एफएम पुरे.

पायरी पहिली: घराची परीक्षा

नवा सेट येण्याआधीच हे करून ठेवा. शॉर्टवेव्ह असलेला कुठलाही, शेजाऱ्यांचा का होईना, सेलवर चालणारा रेडिओ मागून आणा. संध्याकाळी सातच्या सुमाराला तो १० मेगाहर्ट्झच्या आसपास, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि आवाज निम्म्यावर ठेवा. आता मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडा. घरच्यांना आधी सांगा, मी नव्हतं सांगितलं. मालिका ऐन रंगात आली होती.

खरखर एकदम खाली आली तर चोर घरातच आहे. मग एमसीबी एकेक करून वर करा, प्रत्येक वेळी दहा सेकंद ऐका. कुठल्या लाइनवर आवाज चढला ते कळलं की त्या लाइनवरची उपकरणं एकेक करून बंद करायची. माझ्या अनुभवात नेहमीचे संशयित असे: स्वस्त एलईडी ट्यूब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर आणि डास मारायच्या बॅटचा चार्जर. रेडिओच हातात घेऊन त्यांच्याजवळ न्या. दोन फुटांवर खरखर वाढली आणि मागे सरकल्यावर ओसरली तर दुसरा पुरावा नको.

मेन पाडूनही आवाज तसाच राहिला तर लिफ्ट, जिन्यातले दिवे किंवा वरच्या मजल्यावरचा इन्व्हर्टर. तिथे आपला इलाज चालत नाही. घरात सगळ्यात शांत कोपरा कुठला ते मात्र शोधून ठेवा. बहुतेक फ्लॅटमध्ये तो रस्त्याकडच्या बाल्कनीत, कठड्याला अगदी टेकून असतो. काँक्रीटमधल्या सळयांचा पिंजरा बाहेरचे सिग्नल अडवतो आणि आतली घाण आतच घोळवतो. पुढची प्रत्येक कसोटी त्याच कोपऱ्यात घ्यायची.

खोडदचा जीएमआरटी, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण, इथे आठवतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे, नारायणगावजवळ उभ्या केल्या, त्यामागे परिसर रेडिओच्या दृष्टीने शांत असणं हेही एक कारण होतं. त्यांची कामाची कंपनं शॉर्टवेव्हच्या खूप वरची, पण दुखणं आपल्यासारखंच. आपल्याला गाव बदलता येत नाही, कोपरा तेवढा बदलता येतो.

पायरी दुसरी: दुकानात काय बघायचं, काय बघायचं नाही

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत उभं राहून शॉर्टवेव्ह ऐकायचा प्रयत्न करू नका. चहूकडे एलईडीच्या माळा, चार्जर, चालू स्पीकर. त्या गर्दीत हजारोंचा सेटही बहिरा वाटेल. दुकानदार म्हणेल, "साहेब, बघा, आवाज किती मोठा आहे!" आवाज मोठा असणं आणि ऐकू येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवर हाताने आणि डोळ्याने कळेल तेवढंच तपासा.

आधी सेट कुठल्या जातीचा ते ओळखा. पहिली जात निव्वळ काट्याची, टेकसनच्या आर-९०१२ सारखी: चाक फिरवा, काटा सरकतो. दुसरी फसवी. दिसायला काट्याची, पण आत डीएसपी चिप, म्हणजे सिग्नलवर आकडेमोड करून स्टेशन काढणारी. चाक सलग फिरतं आणि स्टेशन पाच-पाच किलोहर्ट्झच्या उड्या मारत बदलतं. तिसरी जात पडद्यावर आकडा दाखवणारी आणि आकडे दाबून थेट स्टेशनवर जाणारी, जसे टेकसनचे पीएल-३१० ईटी आणि पीएल-३३०, किंवा एक्सएचडेटाचा डी-८०८. माझं मत विचाराल तर नवख्याने तिसऱ्या जातीचाच घ्यावा. काट्याच्या सेटवर स्टेशन हातात येईपर्यंत ते कुठलं हे कळत नाही आणि कळेपर्यंत ते उडालेलं असतं. खोक्यावरच्या "१२ बँड वर्ल्ड रिसीव्हर" या अक्षरांना भुलू नका. बँड किती यापेक्षा शॉर्टवेव्ह कुठून कुठपर्यंत सलग आहे ते विचारा. काही सेट प्रत्येक मीटर बँडचा (४९ मीटर, ३१ मीटर असे शॉर्टवेव्हचे ठरलेले पट्टे, हिशोब पुढे) छोटा तुकडाच देतात आणि मधला सगळा भाग गायब असतो. पीएल-३१० ईटी २३०० ते २१९५० किलोहर्ट्झ सलग देतो, तेवढं असलं की पुरे.

आता काउंटरवर मीडियम वेव्ह लावा आणि ७९२ शोधा, पुणे आकाशवाणी. पडद्यावर ७९० नंतर एकदम ८०० आलं तर सेट अमेरिकेच्या हिशेबाने १० किलोहर्ट्झच्या पायरीवर आहे. आपल्याकडची मीडियम वेव्ह केंद्रं ९ च्या पटीत असतात: ७९२, ५५८, १०४४. पायरी बदलायची सोय बहुतेक सेटमध्ये असते, दुकानदाराकडून तिथेच बदलून घ्या. त्याला येत नसेल तर माहितीपुस्तिका मागा.

अँटेना पूर्ण उघडा, सांध्यापाशी गोल फिरवा. तिथे ढिली असेल तर वर्षभरात हातात येते. ही सगळ्यात पहिली मोडणारी गोष्ट. आवाजाचं चाक हळू फिरवून कुरकुर ऐका. हेडफोन लावून दोन्ही कान वाजतात का बघा. सेल कुठला लागतो ते बघा: बऱ्याच स्वस्त सेटमध्ये जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी बसते, ती गल्लीत कुठेही मिळते. साधे पेन्सिल सेल लागत असतील तर उत्तमच. आणि परत करायची मुदत बिलावर लिहून घ्या. खरी परीक्षा घरीच होणार आहे, ती सवलत नसेल तर पुढच्या दुकानात चला.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखादा जुना फिलिप्स दिसला तर मोह होतोच. तिथे सेलच्या कप्प्यात हिरवी बुरशी, डायलची दोरी घसरणं आणि बँडचं बटण हलवल्यावर आवाज जाणं, एवढं बघा. दोरी आणि बुरशी दुरुस्त होते. बँडचं बटण गंजलं असेल तर सोडून द्या.

पायरी तिसरी: वेळेचा हिशोब

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. दुपारी दोनला ४९ मीटरवर काही लागलं नाही म्हणून सेट वाईट ठरतो. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर येतात, म्हणजे ६ मेगाहर्ट्झच्या आसपास ४९ मीटर, ९.४ ते ९.९ ला ३१, ११.६ ते १२.१ ला २५, १५ च्या पुढे १९. दिवसा आकाशातला खालचा थर कमी कंपनांच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे दिवसा १३ मेगाहर्ट्झच्या वर आणि अंधार पडल्यावर १० च्या खाली कान लावायचा. संध्याकाळी सहा ते साडेआठ हा पुण्यातला सुगीचा वेळ. तेव्हा ३१ आणि २५ मीटर दोन्ही भरलेले असतात.

केंद्रांची वेळापत्रकं जागतिक वेळेत असतात. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास, म्हणजे तिथले १२ म्हणजे आपली संध्याकाळची साडेपाच. आणि मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळी वेळापत्रकं बदलतात. मागच्या हिवाळ्याची यादी घेऊन मे महिन्यात शोधत बसलात तर सेटला उगाच शिव्या खाव्या लागतील.

मे महिन्याची आणखी एक खोड: संध्याकाळी कडाड-कडाड असा तुटक आवाज येत असेल तर तो सेट नाही, लांबवरचा वळीव आहे. ढग दिसायच्या आधी रेडिओला कळतं.

पायरी चौथी: संवेदनशीलता, आणि दोन सेटची झुंज

एकटा सेट किती चांगला हे सांगणं अवघड, तुलनेत लगेच कळतं. कुणाचा तरी दुसरा सेट आणा. दोन्हींची अँटेना सारख्याच लांबीची उघडा, त्याच कोपऱ्यात एकामागून एक ठेवा. दोन्ही एकाच वेळी शेजारी चालू ठेवायचे नाहीत, एकाची आतली घरघर दुसऱ्यात शिरते.

मोठ्या स्टेशनवर परीक्षा घेऊ नका, चीन सगळीकडेच वाजतो. मी १० मेगाहर्ट्झ वापरतो. तिथे आणि ५, १५ वर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र असतं: सेकंदाला एक टिक्. कमी जोमाचं, पण न बदलणारं. रात्री टिकटिक स्पष्ट ऐकू आली तर सेटला कान आहेत. काट्याच्या सेटसाठी याचा दुसरा उपयोग म्हणजे १० चा आकडा डायलवर खरंच १० ला आहे का ते कळतं. माझ्याकडच्या एका सेटवर ते ९.७ ला होतं.

शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो, म्हणून एकदा ऐकून निकाल देऊ नका. एक सेट अर्धा मिनिट, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, असं तीनदा. वहीत सिनपो पद्धतीने पाच आकडे लिहा: सिग्नल, दुसऱ्या स्टेशनचा त्रास, गोंगाट, चढउतार आणि एकूण, प्रत्येकाला १ ते ५. ५ म्हणजे उत्तम. ४३३३३ आणि ४३२३२ यातला फरक रात्री झोपून उठल्यावर लक्षात राहत नाही, वहीत राहतो. पीएल-३१० ईटीसारखा सेट कोपऱ्यात दोन आकडे दाखवतो, पहिला सिग्नलचा जोर, दुसरा सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे तो. बघायचा तो दुसरा. पहिला आकडा घरातली ट्यूबसुद्धा वाढवते.

मग पाच-सहा मीटर वायर घ्या, वरचं प्लॅस्टिक तसंच राहू दे, एक टोक अँटेनेला चिमट्याने लावा, दुसरं बाल्कनीबाहेर वाळणाच्या दोरीवर टाका. चांगल्या सेटमध्ये स्टेशनं वाढतात. कच्च्या सेटमध्ये गोंधळ वाढतो, जिथे तिथे तेच मोठं स्टेशन. हडपसरला आकाशवाणीच्या मनोऱ्यांच्या जवळ राहत असाल तर ही कसोटी आणखी कडक होते, मीडियम वेव्हच शॉर्टवेव्हवर घुसू शकतं. वळवाची चाहूल लागली की वायर काढून आत घ्या, यात हयगय नको.

पायरी पाचवी: भुतं, फोड आणि मुकेपणा

काट्याच्या साध्या सेटमध्ये आलेला सिग्नल आत एकाच मधल्या कंपनावर, ४५५ किलोहर्ट्झवर, आणला जातो. त्यामुळे मोठं स्टेशन आपल्या जागेखेरीज ९१० किलोहर्ट्झ खालीही भुतासारखं उमटतं. समजा ९.६० ला जोरदार स्टेशन आहे. काटा ८.६९ वर न्या. तिथेही तोच निवेदक बोलत असेल तर ते भूत. जरासं असेल तर या किमतीत चालतं, मूळच्याइतकंच मोठं असेल तर अर्धा बँड भुतांनी भरलेला असणार.

डीएसपी सेटमध्ये हे भूत सहसा नसतं, पण त्याचे स्वतःचे नखरे असतात. एकेक पायरी बदलताना आवाज क्षणभर तुटतो, फच्-फच् करत. चाक हळू फिरवत बँड पिंजायची सवय असलेल्याला हे असह्य होतं, आकडा दाबून जाणाऱ्याला जाणवतही नाही. दुसरा नखरा गंभीर: सिग्नल एका हद्दीखाली गेला की चिप स्वतःच आवाज दाबते. नेमकी वाक्याच्या मधली दोन अक्षरं जातात. बीपीएमवर बसून दोन मिनिटं ऐका. टिक् हळूहळू खरखरीत बुडत असेल तर ठीक. टिक् आणि खरखर दोन्ही एकदम गप्प होत असतील तर सेट तुमच्या वतीने निर्णय घेतोय.

निवड करायची ताकद, म्हणजे शेजारच्या स्टेशनपासून हवं ते वेगळं काढणं, यासाठी संध्याकाळी ३१ मीटर. पाच किलोहर्ट्झच्या अंतराने दोन स्टेशनं सापडतील. बँडविड्थ, म्हणजे सेट एका वेळी किती रुंद पट्टा ऐकतो ते, बदलायची सोय असेल तर सहा किलोहर्ट्झवरून तीन, मग दोनवर आणा. आवाज कोंदट होईल पण शेजारी जायला हवा. सोय नसलेल्या सेटमध्ये कायम सतारीच्या तारेसारखी एक शिटी मागे राहते. मला ती चालत नाही. वडिलांना चालते.

एसएसबी (हॅम मंडळी बोलायला वापरतात ती सिग्नलची एकच बाजू पाठवायची पद्धत) असल्याचा दावा असेल तर ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर रात्री हॅम मंडळी शोधा. आधी नाकातून बोबडं बोलल्यासारखं येतं. एलएसबी, म्हणजे खालची बाजू, लावून बारीक पायऱ्यांनी फिरवत गेलं की एका जागी माणूस माणसासारखा बोलू लागतो. तो आवाज पाच मिनिटं तसाच राहिला, पुन्हा बोबडा झाला नाही, तर सेट स्थिर आहे. ६६७६ किलोहर्ट्झवर यूएसबीमध्ये (चार्जिंगचं नव्हे, एसएसबीचीच वरची बाजू), तासाच्या २५ आणि ५५ मिनिटांनी मुंबईचं हवामान वाचन लागतं, तीही चांगली कसोटी. पीएल-३३० आणि डी-८०८ मध्ये एसएसबी आहे, पीएल-३१० ईटीमध्ये नाही. विकताना तिन्ही एका दमात सांगतात.

पायरी सहावी: टेकडी

घरी सगळं करूनही शंका उरली तर पहाटे वेताळ टेकडी. चढून वर, रस्त्यापासून आणि तारांपासून दूर, दगडावर बसा आणि घरी लिहिलेली तीच स्टेशनं तशाच वेळी पुन्हा लावा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सूर्य अजून वर यायचा होता. अँटेना उघडली आणि आधी वाटलं बटण दाबायचंच राहिलं. पडदा तर उजळलेला होता. ही स्टेशन नसलेल्या जागेची खरी शांतता, ती मी शहरात कधी ऐकलीच नव्हती. मागून मोरांचा आवाज येत होता. टेकडीवर छान आणि घरी वाईट, तर दोष घराचा. दोन्हीकडे वाईट, तर बिल घेऊन तपकीर गल्ली.

उरलेलं पटकन

मीडियम वेव्हची अँटेना आत, फेराइटच्या कांडीची असते, बाहेरची काडी तिथे कामाला येत नाही. ५५८ वर मुंबई लावून सेट सपाट ठेवून गोल फिरवा, एका दिशेला आवाज पडला पाहिजे. एफएमसाठी १०१ वर विविध भारती सगळीकडे येतं, त्यावरून काही कळत नाही. विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४ किंवा एफटीआयआयचं ९०.४ कॅम्पसपासून लांबून ओढतो का ते बघा, ही कमी ताकदीची केंद्रं आहेत.

चार्जर लावून ऐका, मग काढून ऐका. बहुतेक सेट चार्जिंगवर शॉर्टवेव्ह ऐकायच्या लायकीचे राहत नाहीत, तो दोष धरू नका. पण रोज दोन तास ऐकून बॅटरी तीन दिवसही टिकत नसेल तर तो नक्की धरा. बंद ठेवलेला सेट आठवड्याने उघडल्यावर घड्याळ आणि साठवलेली स्टेशनं जागेवर आहेत का तेही बघा.

परतीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी वही उघडा. अँटेनेचा सांधा ढिला, आवाज दाबण्याची खोड जास्त, किंवा टेकडीवरही बीपीएम नाही, यातलं एक जरी असेल तर परत. फच्-फच्, थोडीशी भुतं, चार्जिंगची घरघर, एवढंच असेल तर ठेवा. आणि पेन्सिल सेलचा सेट पावसाळ्यात महिनाभर कपाटात जाणार असेल तर सेल आधी काढून ठेवा.